काटेमास्तरांची पावती

“उतरा खाली. दोघंही उतरा. आणि ती पाण्याची कॅनसुद्धा उतरवा.”

“अहो मास्तर, कॅन कशाला? पाणी काय मालात धरता का?”

“गाडी रिकामी म्हणजे रिकामी. तू सत्तर किलो, हा तुझा भाऊ साठ, कॅन वीस. रिकामी गाडी दीडशे किलोनं जड दाखवायची, म्हणजे मालात दीडशे किलो कमी भरणार. ते दीडशे मग वाटेत कुणाच्या घशात? मला शिकवतोस होय रे? तू दुधाचे दात पाडत होतास ना, तेव्हापासून बसलोय या खिडकीत.”

ड्रायव्हर दात काढत उतरला. त्याचा भाऊही उतरला आणि कॅनही उतरली. काटेमास्तरांचा दराराच तसा होता. शहराबाहेरच्या रस्त्यावर त्यांचा तो वजनकाटा. जमिनीच्या पातळीला बसवलेला लांबरुंद लोखंडी पत्रा, त्याच्या कडेला खोपटाएवढी केबिन, केबिनला खिडकी, आणि बाहेर ड्रायव्हर लोकांना दिसावा म्हणून लाल आकड्यांचा फलक. आधी रिकामी गाडी तोलायची, मग भरलेली, आणि भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरतं ते मालाचं निव्वळ वजन. बावीस वर्षांत मास्तरांनी इकडचा किलो तिकडे होऊ दिला नव्हता. मालकानं सांगितलं तरी नाही.

मास्तरांनी पावती खिडकीतून सरकवली. ड्रायव्हरनं ती उजेडात धरली.

“हे काय? मागच्या खेपेला हीच गाडी रिकामी सहा हजार दोनशे चाळीस होती. आज पन्नास? दहा किलो कुठून आले?”

“कुठूनही आले नाहीत. अरे, हा काटा दहादहानं मोजतो. मधलं त्याला दिसत नाही. गाडी काठावर असली आणि चाकाला दोन किलो चिखल लागला, की चाळीसचे पन्नास होतात. म्हणून काय दहा वाढले? दोनच वाढले. शंभरदा सांगितलंय तुम्हाला. पावतीच्या खाली बारीक अक्षरात छापलंयसुद्धा. वाचायचं कुणी!”

“बरं बाबा, तुम्ही म्हणाल ते,” ड्रायव्हर म्हणाला. मग त्याला काय लहर आली कोण जाणे. “मास्तर, गाड्या काय रोजच तोलता. आज तुम्हीच चढा की काट्यावर. दीड महिना झाला बिनसाखरेचा चहा पिताय, आम्हालाही कळू दे काही उतरलंय का ते.”

मास्तर आधी नाही म्हणाले. मग केबिनचं दार लावून, इकडेतिकडे बघत, बाहेर आले आणि पत्र्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. साठ टन पेलणाऱ्या त्या पत्र्याला त्यांचं काय ओझं! पण फलकावरचे आकडे हलले, थरथरले आणि थांबले. एकशे दहा.

“एकशे दहा!” ड्रायव्हरनं शीळ घातली. “आणि तुम्हीच सांगितलं होतं, सुरुवातीला इथंच एकशे वीस भरलं होतं. दहा किलो, मास्तर! मानलं बुवा तुम्हाला.”

आता बघा. पाच मिनिटांपूर्वी ज्या माणसानं चिखलाचं गणित ओरडून सांगितलं, त्यानं इथं काय म्हणायला हवं होतं? ‘अरे, मी काठावर असेन, दोनतीनच उतरले असतील,’ एवढंच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मास्तर काही बोलले नाहीत. ते आत आले. यंत्रावर गाडीचा नंबर टाकायच्या जागी त्यांनी ‘स्वतः’ असं टाइप केलं, बटण दाबलं, आणि पावती फाडून नीट घडी घालून खिशात ठेवली. दिवसभर त्यांचा हात त्या खिशाकडे जात राहिला.

मास्तरांचं हे वजन उतरवणं हौसेचं नव्हतं. त्यांच्या ताईच्या दोन्ही किडन्या दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला हॉस्पिटलात यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यावं लागे. मास्तरांची किडनी तिला जुळत होती. सगळ्या तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, साखर नाही, दाब नाही, आणि गाडी अडली ती वजनावर. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, “एकशे सतरा किलोवर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याच जिवाला धोका आहे. शंभराच्या आत या. चार महिने देतो. त्यांचं हृदय त्याहून जास्त वाट बघेल असं मला वाटत नाही.”

ही ताई म्हणजे मास्तरांची आईच म्हणा ना. आई गेली तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि ताई चौदाची. तिनं शिलाई मशीन ओढलं आणि भावाला वाढवलं. तिचं लग्नाचं वय त्या मशीनच्या पायट्यावरच निघून गेलं. स्वतःच्या ताटातलं उचलून ती भावाच्या ताटात टाकायची आणि म्हणायची, “खा रे, मला भूक नाही.” आणि भाऊ खायचा. तो जो खायला लागला तो थांबलाच नाही. ती अजून त्याला ‘छोट्या’ म्हणत असे. एकशे सतरा किलोचा छोट्या!

हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंनी, म्हणजे पंचविशीतल्या एका पोरीनंच, मास्तरांना एक वही आखून दिली होती. काय खाल्लं, किती खाल्लं, किती कॅलरी. दिवसाला सोळाशेच्या वर जायचं नाही. शिवाय रोज पाऊण तास भरभर चालायचं. वही मास्तरांना मनापासून आवडली. नोंदी म्हणजे त्यांचा हातखंडा. अक्षर मोत्यासारखं, रकाने सरळ, आणि रोजची बेरीज पंधराशे साठ, पंधराशे ऐंशी, कधी पंधराशे नव्वद. सोळाशेला कधी शिवली नाही.

शिवणार कशी? खिडकीतलं कुठं धरलं होतं? काट्यावर येणारे ड्रायव्हर म्हणजे जीव लावणारी माणसं. बिस्किटांच्या कारखान्याची गाडी आली की फुटका पुडा खिडकीत यायचा. केळ्यांची गाडी आली की चार केळी. कुणी शेंगदाणे द्यायचा, कुणी आपल्या डब्यातला घास. ते मास्तर उभ्या उभ्या, एका हातानं पावती फाडत, तोंडात टाकायचे. आणि त्यांच्या मनानं एक कायदाही करून ठेवला होता, अगदी धंद्यातला. काट्यावर जे चढलं नाही ते वजनात नाही. ताटात जे आलं नाही ते वहीत नाही. चालण्याचंही तसंच. केबिनपासून फाटकापर्यंत तीस फेऱ्या लिहिलेल्या असत, प्रत्यक्षात बाराव्या फेरीला कुठली तरी गाडी यायची. गाडी गेल्यावर उरलेल्या अठरा फेऱ्या कोण घालतो? घरात बायकोनं आणलेला छोटा काटा होता. त्याचा सेल संपलाय असं सांगून मास्तरांनी तो कपाटाखाली सरकवला होता. सेल संपला नव्हता.

संध्याकाळी पावती ताईच्या हातात ठेवली तेव्हा ती मशीनपाशी बसली होती. अंगात त्राण असेल त्या दिवशी ती अजून एखादं काम करत असे. शेजारी तिचा औषधाच्या बाटलीचा छोटा पेला होता. पाणी मोजूनच प्यायचं, दिवसाला एवढे पेले म्हणजे एवढेच, कारण प्यायलेलं पाणी अंगातच साठे. दोन वर्षांत तिनं एक घोट जास्तीचा घेतला नव्हता. जीभ कोरडी पडली की ओठांवरून ओला रुमाल फिरवायची.

“छोट्या, हे तुझं?” तिनं चष्मा वर केला. “एकशे वीसचे एकशे दहा? खरंच?”

“काटा काय खोटं बोलतो का ताई?”

आधीची एकशे वीसची पावती तिनं मशीनच्या वर भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचली होती. तिच्या शेजारी ही नवी टाचली आणि दोन्हींकडे बघत बसली. तिचा चेहरा एवढा उजळला की मास्तरांनी मान खाली घातली. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती म्हणाली, “वन्सं, आता तुमचा भाऊ हाडाचा सापळा होणार बघा!” आणि तिघंही हसले.

“ये इकडे, उभा राहा,” ताई म्हणाली. “पँट आत घ्यायला लागेल.” तिनं गळ्यातली टेप काढली आणि त्यांच्या कमरेभोवती फिरवली. मास्तरांनी पोट आत ओढलं. “श्वास सोड,” ती म्हणाली. हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायची. मास्तरांनी श्वास सोडला. टेपवरचा आकडा बघून तिनं आपल्या मापांच्या वहीत काहीतरी लिहिलं.

“किती?” मास्तरांनी विचारलं.

“झालीय थोडी सैल. पण आताच नको आत घ्यायला. अजून उतरणार आहेस ना? शेवटी एकदमच घेईन.”

मास्तरांना हायसं वाटलं. पुढचे दहा दिवस तर त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. एवढे दहा उतरलेच आहेत, तर चार बिस्किटांनी काय होतंय?

काय होतंय ते हॉस्पिटलात कळलं. ताईचं रक्त धुण्याचा दिवस आणि मास्तरांच्या तपासणीचा दिवस एकच ठेवला होता. आहारवाल्या बाईंच्या खोलीत डॉक्टरही आले होते. मास्तर काट्यावर उभे राहिले. हा काटा ग्रॅमात मोजणारा होता.

“एकशे पंधरा पूर्णांक दोन,” बाई म्हणाल्या.

“असं कसं होईल?” ताईनं पर्स उघडली. त्यातून तिनं दोन्ही पावत्या काढल्या. कॅलेंडरवरून काढून, टाचण्यांसकट, घडी घालून आणल्या होत्या. “हे बघा ना. एकशे वीस होता, एकशे दहा झाला. त्याला दहा दिवसच झालेत.”

बाईंनी पावत्या उलटसुलट बघितल्या. “हा गाड्यांचा काटा आहे ना? खाली छापलंय इथं, लहानात लहान भाग दहा किलो. म्हणजे एकशे पंधरालाही हा एकशे वीस दाखवेल आणि एकशे चौदाला एकशे दहा.” मग त्यांनी कॅलरीची वही उघडली. त्यांचं बोट सुरेख अक्षरावरून खाली खाली गेलं. “काका, या वहीप्रमाणे तर तुम्ही एव्हाना एकशे दहाच्या खाली असायला हवे होतात. आणि काट्याचं हे… तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

पोरीनं सरळपणे विचारलं होतं, टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच ते जास्त लागलं. बावीस वर्षं ज्यानं आल्यागेल्याला हेच सुनावलं त्याला ठाऊक नव्हतं? धरणीनं पोटात घ्यावं असं मास्तरांना झालं, पण पायाखाली होता तो हॉस्पिटलचा फूटभर काटा. त्याच्यावर ते अनवाणी उभे होते आणि त्यांना उतरायचंही सुचत नव्हतं.

“त्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा आहे,” ताई म्हणाली. “केबिनच्या सगळ्या किल्ल्या असतात त्याच्याकडे. ते नाही धरलंत तुम्ही.”

डॉक्टरांनी घसा साफ केला. “चार महिन्यांत होत नाही आता. अजून दोन वाढवून बघू. पण मनावर घ्या हो. वेळ माझ्या हातात नाही.”

बाहेरच्या बाकावर बसल्यावर ताईनं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू मनाला लावून घेऊ नकोस. हॉस्पिटलचे काटे जडच दाखवतात रे.”

नेमकं हेच वाक्य. काट्यावर पकडला गेलेला प्रत्येक ड्रायव्हर हेच म्हणायचा, मास्तर, तुमचा काटा जड दाखवतो. आणि मास्तर त्याची बिनपाण्यानं करायचे.

पण खरी लाज अजून पुढंच होती. तीन दिवसांनी एक बाई ब्लाऊजचं माप विचारायला आल्या. ताई नुकतीच हॉस्पिटलातून येऊन पडली होती, तिला उठवायला नको म्हणून बायकोनं मास्तरांना मापांची वही बघायला सांगितली. ती जुनी, जाडजूड, कापडात बांधलेली वही. मास्तर पानं उलटत गेले आणि एका पानावर थांबले. वर लिहिलं होतं, छोट्या.

ते पान म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य होतं. शाळेची पहिली अर्धी चड्डी, कंबर बावीस. मग चोवीस. सव्वीस. कॉलेजची पहिली पँट, बत्तीस. लग्नाचा सूट, अडतीस. काट्यावर नोकरीला लागल्यावरचं चाळीस. त्रेचाळीस. मग डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले त्या दिवसाची तारीख आणि पुढं सेहेचाळीस. आणि त्याच्या खाली, पावती आणली त्या संध्याकाळची तारीख. सेहेचाळीस.

बस, एवढंच. पुढं काही खूण नाही, शेरा नाही. तिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. टेप कमरेभोवती फिरली तेव्हाच. आणि कळूनही तिनं पावती भिंतीवर टाचली, घडी घालून पर्समधून नेली, चार माणसांत पुढं केली, आणि वर किल्ल्यांचा जुडगा काढला. ब्लाऊजवाल्या बाई दारात ताटकळत होत्या. मास्तरांना त्यांचं पान काही केल्या सापडेना. डोळ्यांपुढं अक्षरं पुसट झाली होती.

ताई उठून बसल्यावर मास्तर आपली कॅलरीची वही घेऊन तिच्यापुढं गेले.

“ताई, ही वही खोटी आहे.”

“माहितीय मला.”

“मग बोलली का नाहीस? थोबाडीत मारायची होतीस. लहानपणी मारायचीस की.”

“लहानपणी वेगळं होतं,” ताई म्हणाली. तिनं ओल्या रुमालाची घडी घातली. “आता तू देणार आणि मी घेणार. घेणाऱ्यानं देणाऱ्याचं माप काढू नये रे. तुला नसेल द्यायची मनातून, तर ते कसं बोलून दाखवशील तू? मला वाटलं, वजन उतरत नाही ही चांगली पळवाट आहे. राहू दे त्याला, म्हटलं.”

“ताई!” मास्तर ओरडलेच. “द्यायची नाही असं कसं वाटलं तुला? मी फक्त… मी फक्त खादाड आहे गं.”

हे बोलताना त्यांना रडू फुटलं. सेहेचाळीस इंची कमरेचा, सेहेचाळीस वर्षांचाच माणूस बहिणीच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. तिला आपण नकोशी झालोय असं वाटावं, आणि ते कशापायी, तर फुटक्या बिस्किटांपायी! खाई त्याला खवखवे म्हणतात, पण हे खवखवणं नव्हतं, हे आतून सोलून निघणं होतं. ताईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “ऊठ. नवीन वही आण. बेरीज मी करत जाईन.”

दुसऱ्या दिवसापासून खिडकीतलं वहीत आलं. ‘क्रीमची बिस्किटं दोन, उभ्यानं, शंभर.’ ‘शेंगदाणे मूठभर, नको म्हणता आलं नाही, एकशे सत्तर.’ पहिल्या दिवशीची खरी बेरीज ताईनं पेन्सिलीनं केली ती चोवीसशेच्या वर गेली. तिनं नुसता आकडा लिहून त्याखाली रेघ मारली. ते मोत्यासारखं अक्षरही आता राहिलं नाही. खरं लिहिताना हात अडखळत होता.

मग मास्तरांनी खिडकीत पाटी लावली, खाऊ देऊ नये. ड्रायव्हर लोकांनी आधी टिंगल केली. “मास्तर, तुम्ही काय प्राणिसंग्रहालयात बसलाय का?” मास्तर म्हणाले, “तसंच समजा, पण काही टाकू नका.” गाड्या सुरू व्हायच्या आत, उजाडताना, ते तीस फेऱ्या मारायचे आणि प्रत्येक फेरीला फाटकाशी एक खडा ठेवायचे, म्हणजे मनाला लबाडी करता येऊ नये. अठराव्या खड्याला गुडघे कुरकुरायचे, पंचविसाव्याला छाती भरून यायची. भूक लागायची ती तर अशी की कॅलेंडरवरची चित्रंही खावीशी वाटावीत. त्या वेळी ते ताईचा तो औषधाचा पेला आठवायचे.

वजन उतरू लागलं. फसवणूक थांबल्यावर ते उतरणारच, त्यात जादू कसली? कपाटाखालचा काटा बाहेर आला. एकशे अकरा. एकशे सात. एका आठवड्यात काहीच नाही, उलट अर्धा किलो वाढ. तीही लिहिली. एकशे तीन. बायको म्हणाली, “तुमचा आवाजही बारीक झाला की काय?” ताई मात्र पँट आत घ्यायचं नाव काढीना. “शेवटी एकदमच,” म्हणायची. मास्तर दोरी बांधून पँट सावरायचे.

पाचवा महिना संपता संपता ताईला धाप लागली. आधी जिन्यावर, मग बसल्या जागी. हॉस्पिटलात ठेवावं लागलं. मास्तर त्या आठवड्यात अठ्ठ्याण्णववर आले होते. वही घेऊन ते डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि त्यांनी ती टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी वही बघितली, अगदी शेवटच्या पानापर्यंत बघितली. “तुम्ही तुमच्याकडून केलंत,” ते म्हणाले. “पण त्यांचं हृदय फार थकलंय. एवढी मोठी भूल आता त्यांना सोसणार नाही. ऑपरेशन करता येणार नाही.”

“थोड्या दिवसांनी?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

“साहेब, एक विचारतो. मी पहिल्या चार महिन्यांत आलो असतो तर?”

“तसं नाही हो सांगता येत. असली गणितं करू नका.”

मास्तर उठले. गणितं करू नका म्हणे! बावीस वर्षं दुसरं केलं काय होतं? पहिले दोन महिने खोटे गेले. ते खरे गेले असते तर केव्हा शंभराच्या आत आलो असतो, हे त्यांना बोटांवर मोजता येत होतं. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की जे उरतं ते उरतंच, आणि डॉक्टर भला माणूस म्हणून ते कमी होत नाही. मग तोंड धुऊन ताईकडे गेले.

रक्त धुण्याच्या खोलीत नर्स त्यांचीच वाट बघत होती. यंत्राला जोडायच्या आधी रोग्याचं वजन घ्यावं लागतं, अंगात किती पाणी साठलंय ते त्यावरून ठरतं. ताईला उभं राहवत नव्हतं.

“खुर्चीचा काटा बंद पडलाय,” नर्स म्हणाली. “मागचं वजन आहे, त्यावरून अंदाजे धरू का?”

“अंदाजे नको,” मास्तर म्हणाले. “मी तोलतो.”

त्यांनी चपला काढल्या. खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून बाकावर ठेवला. मग वाकून ताईला दोन्ही हातांवर उचललं. लहानपणी तिनं त्यांना उचललं असेल तशी. ती किती हलकी झालीय हे त्यांच्या हातांना काट्याच्या आधीच कळलं. तिला घेऊन ते काट्यावर चढले.

“भरलेलं वाचा,” ते म्हणाले.

“एकशे एकोणचाळीस पूर्णांक सहा,” नर्सनं वाचलं.

ताईला पलंगावर हलकेच ठेवून मास्तर पुन्हा काट्यावर चढले. खोलीत आणखी पाच पलंग होते, पाच रोगी आणि त्यांची माणसं बघत होती. मास्तरांनी पोट आत ओढलं नाही.

“रिकामं वाचा. मोठ्यानं वाचा.”

“अठ्ठ्याण्णव पूर्णांक एक.”

“मग त्यांचं एकेचाळीस पाच. लिहून घ्या.”

नर्सनं लिहिलं, ताईच्या हातात सुया लावल्या आणि यंत्र सुरू करून ती पुढच्या पलंगाकडे गेली. मास्तर ताईशेजारी उभे राहिले. तिनं डोळे उघडले.

“छोट्या, तुझं किती म्हणाली ती?”

“अठ्ठ्याण्णव.”

“बारीक मोजणारा काटा आहे ना हा?”

“हो ताई. ग्रॅमातला.”

“मग खरं असेल.” ती हसली. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं विचारलं नाही. मास्तरांच्या तोंडावरून तिनं ते वाचलं असणार, टेप न लावताच. “मी खोटं वागलो ताई,” मास्तर म्हणाले. “तुझे दिवस मी खाल्ले.” ती म्हणाली, “गप रे.” सुया नसलेला हात तिनं पांघरुणाबाहेर काढला आणि त्यांच्या कमरेशी नेला. दोरीनं आवळलेल्या पँटचं वरचं कापड चुणून आलं होतं. तिनं ते अंगठा आणि बोटात धरलं, टाचणी लावायच्या आधी धरायची तसं. चांगली चार बोटं कापड आलं.

“आता घेते आत,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर. हललास तर माप चुकेल बघ.”

तिला झोप लागली तरी चिमूट सुटली नाही. नर्सनं मागून स्टूल आणून ठेवलं, म्हणाली, “बसा ना काका, चार तास चालेल अजून.” मास्तरांनी मान हलवून नको म्हटलं आणि ते तसेच, न हलता, उभे राहिले.